दहावीच्या आत हात कामाला लागला तर धंद्यात काय फरक पडतो? पाबळचा धडा



मागच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं काढायचं ते बघितलं. त्याआधीच्या बॅचमध्ये निफाडकडच्या एका ताईंनी एक प्रश्न विचारला होता. "सर, माझा मुलगा नववीत आहे. शेतातली मोटर खोलतो, पुन्हा बसवतो, चालूही करतो. पण घरात त्याला रोज बोलणी. त्याचे वडील म्हणतात, शिकून काय मेकॅनिक व्हायचंय का? मी काय करू?"

त्या दिवशी मी त्यांना वरवरचं उत्तर दिलं, "आवड आहे तर करू द्या." घरी आल्यावर माझं मलाच बरं वाटलं नाही. एका पोराच्या आयुष्याचा प्रश्न होता तो. म्हणून आज सविस्तर लिहितोय. तुमची शाळा संपून वीस वर्षं झाली असतील तरी वाचा, कारण शेवटी विषय तुमच्या धंद्याचाच आहे.

१. माझं बावीस हजारांचं शिक्षण

मी बीबीए. डिग्री घेऊन सिडकोत इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं दुकान टाकलं. ताळेबंद वाचता येत होता, मार्जिन काढता येत होतं. पहिल्याच वर्षी एका बंगल्याच्या वायरिंगचं काम मटेरियल आणि मजुरीसकट घेतलं. होलसेल रेट माझ्याकडे होतेच. बेरीज केली, वर नफा धरला आणि १ लाख १० हजारांचं कोटेशन दिलं. काम संपलं तेव्हा माझ्या खिशातून १ लाख ३२ हजार गेले होते. बावीस हजारांचा खड्डा. ते पैसे वडिलांकडून उसने घेतले आणि वर्षभर फेडले.

चूक कुठे झाली ते आमच्या वायरमन मामांनी दहा मिनिटांत दाखवलं. कागद हातात घेऊन म्हणाले, "शेठ, भिंतीला झिरी मारायची मजुरी कुठंय? झिरी बुजवायला प्लास्टर कोण करणार? वायरची नासाडी धरली का? स्लॅब पडल्यावर एक चक्कर, प्लास्टरनंतर दुसरी, रंग झाल्यावर तिसरी. गाडीभाडं कोण देणार?"

मामांनी शाळेत आठवी ते दहावी टेक्निकल विषय घेतला होता. कानशीने घासणं, ड्रॉइंग काढणं, माप घेणं, एखाद्या वस्तूला किती माल लागेल ते लिहून काढणं, हे सगळं त्यांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी केलं होतं. काम डोळ्यांपुढे उभं करायची सवय तिथूनच लागली.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगतो. याच मामांची गावभर उधारी होती. कोणाकडे किती, हे फक्त डोक्यात. बिल कधी लिहिलं नाही, अ‍ॅडव्हान्स कधी मागितला नाही. म्हणजे मला वही यायची पण काम कळत नव्हतं, आणि मामांना काम यायचं पण वही नव्हती. दोघांचं नुकसानच. हे दोन्ही एकाच माणसाला लहानपणीच शिकवता आलं तर?

२. पाबळला नेमकं हेच केलं

पुणे-नाशिक हायवेवर राजगुरुनगरहून आत वळलं की शिरूर तालुक्यातलं पाबळ लागतं. दुष्काळी पट्टा. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर काम केलेले. ती नोकरी सोडून ते पत्नीसह पाबळला राहायला गेले. सुरुवात केली ती शाळा सोडलेल्या मुलांपासून.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हाताने काम करत शिकणं ही माणसाची मूळ पद्धत आहे. ज्या पोराला वर्गात 'ढ' म्हणतात, त्याला खरं काम दिलं की गणितही कळायला लागतं आणि विज्ञानही.

यातूनच शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कार्यक्रम तयार झाला. आयबीटी म्हणून तो ओळखला जातो. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला साधारण एक दिवस कामाचा. विभाग चार:

- अभियांत्रिकी: वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम
- ऊर्जा आणि पर्यावरण: वायरिंग, पंप, सोलर, बायोगॅस
- शेती आणि पशुपालन: रोपवाटिका, माती परीक्षण, कोंबडीपालन
- गृह आणि आरोग्य: खाद्यपदार्थ, शिवण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं

मुलगा असो की मुलगी, चारही विभाग सगळ्यांना. मुली वेल्डिंग करतात, मुलं स्वयंपाक करतात. राज्याच्या दहावीच्या बोर्डानेही हा विषय म्हणून मान्य केला.

आता धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. मुलं नुसते नमुने करून कपाटात ठेवत नाहीत. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देतात, आणि त्याचे पैसे घेतात. शाळेचं बाक दुरुस्त करायचं, कोणाचं गेट बनवायचं, शेतकऱ्याची माती तपासायची. त्यासाठी आधी ड्रॉइंग काढायचं, मग माल किती लागेल ते लिहायचं आणि शेवटी खर्च काढायचा. गिऱ्हाईक खरं, त्यामुळे चूकही खरी. गेट वाकडं झालं तर गावातला माणूस तोंडावर बोलतो. हे शिक्षण मला बीबीएच्या तीन वर्षांत मिळालं नाही. ते मला बावीस हजार देऊन मिळालं.

पुढे याच पाबळमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. म्हणजे हाताचं काम म्हणजे जुनाट काम, असंही नाही.

३. एक स्टूल घेऊन हिशोब करू

शाळेतलं पोर लोखंडी स्टूल बनवताना जो कागद लिहितं, तोच आपण लिहून बघू. रेट मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले टाका.

- पाईप ६ किलो, ७५ रुपयांनी: ४५०
- वेल्डिंग रॉड: ३०
- कटिंग व्हील: २०
- वीज: १५
- प्रायमर आणि रंग: ६०
- मजुरी ४ तास, १०० रुपयांनी: ४००
- वाहतूक: ५०
- मशीनची झीज: २५

एकूण १०५० रुपये.

आता नवीन माणूस काय करतो? पाईप आणि रंग धरतो, ५१० रुपये. स्टूल ९०० ला विकतो आणि म्हणतो, ३९० सुटले! प्रत्यक्षात मजुरी सोडून खर्चच ६५० आहे. हातात राहिले २५०. म्हणजे त्याच्या चार तासांची मजुरीसुद्धा पूर्ण सुटली नाही, मग नफा कुठला? अशी शंभर स्टुलं विकून माणूस दमतो आणि म्हणतो, "धंद्यात काही राम नाही."

४. मग हे सगळीकडे का झालं नाही?

कल्पना नवीन नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तीही हस्तोद्योगातूनच शिक्षण देणारी. महाराष्ट्रात टेक्निकल शाळा झाल्या, अकरावी-बारावीला एमसीव्हीसी आलं. पण आपल्याकडे एक शिक्का बसला: मार्क कमी पडले की टाक टेक्निकलला. हुशार पोराला तिकडे पाठवायचं नाही आणि तिकडे गेलेल्याला हुशार म्हणायचं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतले आकडे दिलेत. भारतात १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. त्याच धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायची सोय सांगितली आहे. चांगलं आहे. पण दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. वर्कशॉपला मशीन लागतं, कच्चा माल लागतो आणि शिकवणारा कारागीर लागतो. हा खर्च सतत करावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी तिथेच अडते.

५. माझी शाळा संपली, आता काय?

घाबरू नका. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

वही येते पण काम येत नाही, अशांनी ज्या धंद्यात पडायचंय तिथे तीन महिने हाताखाली काम करा. मालक म्हणून जाऊ नका, हेल्पर म्हणून जा. सातपूर-अंबडला छोट्या वर्कशॉपची कमी नाही.

काम येतं पण वही नाही, अशांनी आजपासून तीन गोष्टी करा: प्रत्येक कामाचा खर्च आधी लिहा, अ‍ॅडव्हान्स घ्या, बिल द्या. ग्रामीण भागातल्यांनी आरसेटीची चौकशी करा, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं.

आणि शाळा अर्धवट सोडू नका, सोडू देऊ नका. पीएमईजीपीमध्ये उत्पादनाच्या १० लाखांवरच्या आणि सेवेच्या ५ लाखांवरच्या प्रकल्पाला किमान आठवी पास लागतं. उत्तम कारागीर कागदावर अडलेले मी पाहिलेत.

ताई, तुमच्यासाठी

मुलाला शाळेतून काढू नका आणि मोटरीपासूनही तोडू नका. दहावी नीट होऊ दे. पुढे आयटीआय, डिप्लोमा की सायन्स, ते त्याच्याशी बोलून ठरवा. तोपर्यंत एक करा. त्याला एक वही आणून द्या. कोणती मोटर, काय बिघाड, कोणता पार्ट, किती रुपये, किती वेळ, सगळं त्याच्या हाताने लिहू दे. शेजाऱ्याची मोटर दुरुस्त केली तर थोडे का होईना, पैसे घेऊ दे आणि लिहू दे. सहा महिन्यांनी ती वही त्याच्या वडिलांपुढे ठेवा. मला वाटतं, तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही विकता किंवा विकणार आहात अशी एकच वस्तू घ्या. वरच्या स्टुलासारखा आठ ओळींचा कागद लिहा. तुमची स्वतःची मजुरी त्यात धरलीच पाहिजे. मग विक्रीची किंमत बाजूला मांडा आणि खरं काय उरतं ते बघा.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही. भेटू.