पेटीतील करवतकाठी

नागपुरातील कित्येक जुन्या घरांत आजीच्या पेटीच्या तळाशी एखादे टसरी लुगडे घडी घालून ठेवलेले आढळते. त्याचा रंग मधासारखा, पोत किंचित खरखरीत व काठ गर्द असतो. काठ व अंग यांची जेथे गाठ पडते, तेथे करवतीच्या दात्यांसारखी ओळ दिसते. म्हणूनच या वस्त्रास करवतकाठी म्हणतात.

हे दाते भरतकामाचे नव्हेत; ते विणीतूनच निघतात. मागावर अंगासाठी एक व दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालवावे लागतात. अंगाचा आडवा धागा काठाच्या आडव्या धाग्यात अडकवून परत फिरविला जातो. त्यामुळे काठाचा रंग अंगात उतरत नाही, व अंगाचा रंग काठास मळवीत नाही. प्रत्येक फेरीस हात थांबवावा लागत असल्यामुळे काम अतिशय मंद चालते. टसराचे कोश भंडारा, चंद्रपूर व गडचिरोलीकडील जंगलांत, ऐनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे.

नागपूर, उमरेड व पवनी येथील कोष्टी विणकर रेशीमकाठी धोतरे, उपरणी व लुगडी यांविषयी पूर्वीपासून प्रसिद्ध. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, व साध्या कापडात हातमागाचा टिकाव लागेना. परंतु असला काठ गिरणीस साधला नाही, आणि त्याच आधारावर पुष्कळ माग तग धरून राहिले.

आता ही वस्त्रे घराघरांतूनच नाहीशी होत आहेत. जरीचा पदर चांदीसाठी जाळला जातो. बाकीचे बोहारणीच्या टोपलीत जाते. एका पातेल्यासाठी पणजीचे लुगडे देणे हा आमच्या मते फारच महाग सौदा होय! फाटके लुगडे वाकळीत शिवलेले असेल, तर तीही उसवून टाकण्यापूर्वी आतील थर पाहावेत. कधी कधी त्यांत अख्खा काठ सापडतो.

विद्यार्थिमित्रांनी सुटीत वडिलांच्या अनुमतीने पेटी उघडावी. वस्त्र उन्हात वाळवू नये; सावलीत वारा द्यावा. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवावे व वर्षातून दोनदा घडी बदलावी, नाहीतर रेशीम घडीवरच चिरते. डांबराच्या गोळ्या कापडास लागू देऊ नयेत. ते कोणाचे, कोणत्या लग्नातले, कोठे घेतलेले, हे आजीस विचारून चिठ्ठीवर लिहावे व ती चिठ्ठी मांजरपाटाच्या वेष्टनास सुती दोऱ्याने टाचावी; टाचणीस गंज चढतो.