तिसऱ्या तारेची तक्रार

ज्या वाद्याच्या पोटात पोकळी नाही आणि ज्याचे लाकूड सतारीच्या भोपळ्याप्रमाणे नादाला थारा देत नाही, त्या वाद्याचा कंठ नेमका असतो कोठे, हा प्रश्न इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागल्यापासून सात-आठ वर्षे माझ्या मनाला शिवला नव्हता. आणि ज्या संध्याकाळी तो प्रथम उद्भवला, त्या संध्याकाळी तो कंठ मी स्वतःच्याच अंगठ्याने निकामी करून बसलो होतो. त्या प्रसंगाची इत्थंभूत कैफियत आज इतक्या वर्षांनी लिहावयास घेतली आहे ती एवढ्याचसाठी, की ऑर्केस्ट्रात आणि बँडमध्ये वाजवणारी जी तरुण मुले माझ्याकडे आपापली गिटार दाखवावयास येतात, त्यांच्यापैकी कोणी ना कोणी तोच अपराध करण्याच्या बेतात असतो.

गिटार माझ्या मास्तरांची. मास्तर मूळचे बार्देशचे. तरुणपणी मुंबईस आले आणि धोबी तलावाच्या परिसरात राहून त्यांनी हयात वाद्यवृंदांत घालवली. त्यांच्या नात्यातील एका तारवट्याने, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकराने, अमेरिकेच्या बंदरातून ही स्ट्रॅटोकास्टर आणली होती. संधिवाताने बोटे आखडू लागली तेव्हा त्यांनी ती माझ्या स्वाधीन केली आणि एकच ताकीद दिली: ‘‘वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पूस. पिकअपवर घाम राहू देऊ नकोस. समुद्र जवळ आहे.’’ या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ मला त्या वेळी उमगला नव्हता.

पिकअप म्हणजे काय, हे इथे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण माझे नुकसान झाले ते या ठिकाणच्या अज्ञानामुळे. तारांच्या खाली सहा दंडगोल लोहचुंबक उभे असतात, अल्निकोचे, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनिअम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेल्या धातूचे. त्या सहांच्या समुदायाभोवती तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे दिलेले असतात. ही तार किती बारीक? एका मिलीमीटरचे सोळा भाग केले तर त्यातील एक भाग, जवळजवळ डोक्यावरच्या केसाइतकी. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःच चुंबकित होते. ती छेडली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र तिच्या कंपनाबरोबर कमीजास्त होते, आणि फॅरडेने 1831 साली सिद्ध केलेल्या तत्त्वाप्रमाणे त्या वेढ्यांत विजेचा एक अतिक्षीण दाब उत्पन्न होतो. हवेतला ध्वनी पिकअप ऐकत नाही. तो फक्त पोलादाची हालचाल जाणतो. म्हणूनच नायलॉनच्या तारा चढवल्या तर तो मुका राहतो.

ही युक्ती प्रथम यशस्वी रीतीने वापरली गेली ती 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, लॉस एंजेलिस येथे, जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या अॅल्युमिनिअमच्या गिटारीत. आणि ती गिटार होती मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी दांडी फिरवून वाजवण्याची, हवाईन जातीची. आपल्याकडे व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी सिनेमाच्या चाली याच जातीच्या वाद्यावर वाजवून घरोघरी पोहोचवल्या. त्या तबकड्या मी लहानपणी ऐकल्या, पण त्या लांबत जाणाऱ्या सुराच्या मुळाशी एक लोहचुंबक बसलेला आहे, हे मला सांगणारे कोणी भेटले नव्हते.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. मास्तरांच्या गिटारीत एक खोड होती: तिसरी तार इतर पाचजणींपेक्षा मोठ्याने बोले. सहाही चुंबक सारख्या उंचीचे नव्हते. तिसऱ्या तारेखालचा चांगलाच वर आलेला होता. त्यामागे कारण होते. 1954 साली ही गिटार बाजारात आली तेव्हा तिसरी तार वर बारीक तार गुंडाळलेली असे, तिच्या आतील पोलादी गाभा बारीक असे, आणि म्हणून तिच्या चुंबकाला अधिक उंची देण्यात आली होती. पुढे वादकांनी तिथे साधी, नुसत्या पोलादाची तार लावण्यास सुरुवात केली. तिचे पोलाद जाड, त्यामुळे तोच उंच चुंबक तिला गरजेपेक्षा अधिक आवाज देऊ लागला. हे मला पुढे कळले. त्या वेळी मला दिसत होता तो केवळ एक चुकीने वर राहिलेला चुंबक. शिवाय आमच्याच ऑर्केस्ट्रातील दुसऱ्या गिटारीवर हंबकर जातीचे पिकअप होते, त्यांतील स्क्रू फिरवून प्रत्येक तारेचा आवाज कमीअधिक करता येत असे, आणि जे तिथे चालते ते इथेही चालेल असे मी गृहीत धरले.

गणेशोत्सवाचे दिवस होते. गिरगावातील कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. मी तारा उतरवल्या, मानेकडील पिकअपवर रुमालाची घडी ठेवली आणि तिसऱ्या चुंबकावर अंगठा टेकवून जोर दिला. चुंबक प्रथम हलला नाही. दुसऱ्यांदा जोर देताच तो मिलीमीटर-दीड मिलीमीटर खाली सरकला, आणि सरकताना वाळलेली काडी मोडावी तसा एक अत्यंत बारीक आवाज झाला. तो आवाज मी ऐकला आणि त्याकडे दुर्लक्ष केले. तारा चढवून अॅम्प सुरू केला तेव्हा त्या पिकअपमधून जे बाहेर आले त्यात खर्ज नव्हता, अंग नव्हते. दूरच्या खोलीतील रेडिओ भिंतीआडून ऐकू यावा तसा एक किरटा, निःसत्त्व ध्वनी तेवढा उरला होता.

झाले होते ते असे. हंबकरमध्ये तारेचे वेढे प्लॅस्टिकच्या रिळावर असतात, आणि स्क्रू त्या रिळाच्या भोकातून फिरतो, त्यामुळे तो फिरवण्यास हरकत नसते. परंतु स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये रीळच नसते. खाली-वर दोन फायबरच्या पट्ट्या, त्यांत घट्ट बसवलेले सहा चुंबक, आणि वेढे थेट त्या चुंबकांच्या अंगावर. सर्वांत आतला वेढा चुंबकाला चिकटलेला असतो. चुंबक सरकला की तो वेढाही ओढला जाऊन तुटतो, आणि एक वेढा तुटला की आठ हजारांची सांगता तिथेच होते. ज्यांच्या गिटारीत असे पिकअप असतील त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की चुंबकांना बोट लावू नका. आवाज कमी करावयाचा तर पिकअपच्या दोन टोकांना जे दोन स्क्रू असतात त्यांनी तो संपूर्ण खाली उतरवता येतो, आणि तो उतरवणे बहुतेक वेळा हिताचेच असते. कारण चुंबक तारेच्या फार निकट गेला तर तो तिला स्वतःकडे खेचू लागतो, जाड तार वरच्या पट्ट्यांवर बेसूर होते, आणि एकाच स्वरातून दोन स्वर लहरत असल्याचा भास होतो. सहावी तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरावी आणि चुंबकाचे डोके तिच्यापासून सुमारे अडीच मिलीमीटर, पहिल्या तारेपासून दोन मिलीमीटर ठेवावे. तिथून पुढे कानाचा कौल घ्यावा.

कार्यक्रम मी पुलाकडच्या पिकअपवर निभावून नेला. अंतऱ्यांमधल्या ज्या जागा मऊ, गोल आवाजात भरावयाच्या, त्या कर्कश झाल्या. आणि गायिकेने एकदा वळून माझ्याकडे पाहिले, त्या दृष्टीत राग नव्हता, काळजी होती.

दुसरी चूक याहून मोठी होती. मास्तरांना न सांगता, लाजेपोटी, मी तो पिकअप ट्रान्सफॉर्मरची कॉइल भरून देणाऱ्या एका कारागिराकडे नेला. एका परदेशी मासिकात वाचलेले ‘42 नंबरची तार’ एवढेच त्याला सांगितले. तो प्रामाणिक मनुष्य होता. त्याने जुनी तार ब्लेडने कापून केरात टाकली आणि 42 नंबरची नवी तार भरून दिली. पण अमेरिकेचा 42 नंबर आणि आपल्या बाजारात चालणारा ब्रिटिश मापाचा 42 नंबर यांत महदंतर आहे: पहिली तार 0.063 मिलीमीटरची, दुसरी 0.1 मिलीमीटरची. जाड तारेचे वेढे त्याच जागेत निम्म्याहूनही कमी मावले. मीटर लावला तेव्हा शेजारच्या पिकअपचा रोध सहा हजार ओहमच्या आसपास, आणि याचा हजाराच्याही आत. शिवाय वेढे उलट्या दिशेने पडलेले. त्यामुळे तो मधल्या पिकअपबरोबर जोडीने लावला की दोन्ही एकमेकांस खाऊन टाकीत आणि आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ होई. कारागिरास मी दोष देत नाही. जे काम मी त्याला लेखी, मापासह आणि नमुन्यासह द्यावयास हवे होते, ते मी तोंडी आणि अर्धवट दिले. म्हणून सांगतो: नंबर बोलू नका, मिलीमीटर बोला, ब्रिटिश मापात त्याच्या सर्वांत जवळची तार 46 नंबरची येते. वेढे कोणत्या दिशेने आहेत, चुंबकाचे वरचे टोक उत्तर आहे की दक्षिण, याची नोंद करून मगच पिकअप हातावेगळा करा. आणि जुनी तार उकलावयाची असेल तर गणकयंत्रावर मोजत उकलण्यास सांगा. ती कापून टाकणे म्हणजे मूळ दस्तऐवज फाडून टाकणे.

याच्या उलट टोकाची एक समजूत तरुणांत आज फार रुजलेली आढळते, ती ही की ओहमचा आकडा जितका मोठा तितका पिकअप जोरकस. वेढे वाढवले की आवाज काही मर्यादेपर्यंत वाढतो हे खरे, पण त्याबरोबर वरच्या पट्टीतील झळाळी उतरत जाते. बारीक तारेने आकडा फुगतो, तेवढ्याने आवाज फुगत नाही. तांब्याचा रोध तर तपमानाबरोबरही बदलतो, दर अंशाला शेकडा सुमारे 0.4, म्हणजे जानेवारीच्या पहाटे मोजलेला पिकअप मेच्या दुपारी काहीशे ओहमने ‘वाढलेला’ दिसेल. आकड्याशेजारी दिवस आणि हवामान लिहून ठेवावे.

गुणगुणीची तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी. एकेरी कॉइल ही एक प्रकारची अँटेनाच असते. विजेच्या प्रवाहाची 50 आवर्तनांची घुमी आणि मंडपातील दिव्यांच्या डिमरची करकर ती निमूटपणे टिपते. 1955 साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन कॉइल एकमेकींविरुद्ध वेढून आणि चुंबकांची टोके उलटसुलट ठेवून हा उपद्रव नाहीसा केला: बाहेरची घुमी दोन्हींत परस्परविरोधी उमटून मिटते, तारेचा नाद मात्र दोन्हींत मिळून येतो. हाच हंबकर. तथापि त्याचा स्वभाव निराळा, भरदार. एकेरी कॉइलची ती काचेसारखी स्वच्छता त्यात सहसा सापडत नाही. म्हणून गुणगुणीला भिऊन पिकअप बदलण्याची तजवीज करण्याआधी मंडपातले अर्थिंग तपासावे, केबल तपासावी, अॅम्प दिव्यांच्या लाइनपासून वेगळा करावा, आणि उभ्या जागी स्वतःच हळूहळू वळून पाहावे. एका विशिष्ट दिशेला गुणगुण क्षीण होते. मी पुष्कळ कार्यक्रम प्रेक्षकांकडे किंचित तिरका उभा राहून वाजवले आहेत.

माझा पिकअप पुन्हा भरला तो पुण्याच्या एका वृद्ध गृहस्थांनी, आणि तोही सहा महिन्यांनी, मास्तरांकडे सर्व कबूल केल्यानंतर. त्यांनी भिंगातून पाहिले तेव्हा खालच्या पट्टीवरील पितळी डोळ्यात, जिथे तारेचे टोक डाग देऊन जोडलेले असते, तिथे मूळ तारेचे बोटाच्या पेराएवढे एक टोक ब्लेडमधून वाचून राहिलेले आढळले. त्यांनी ते चिमट्याने सोडवले, स्क्रूगेजमध्ये धरले, वरच्या वार्निशाचा रंग उजेडात पाहिला. शेजारच्या दोन शाबूत पिकअपचे रोध घेतले. मग चुंबकांवरील गंज मला दाखवला: तिसऱ्याच्या बुडाशी तांबूस, आणि नवी तार काढल्यावर त्याच्या अंगावर एक हिरवट डाग. समुद्राची हवा आणि घाम चुंबकाला गंजवतात, तो गंज आतल्या वेढ्याला खातो, आणि एखादा पिकअप कोणीही न हाताळता एके दिवशी आपणहून मूक होतो. मास्तरांनी फडके का धरावयास सांगितले होते, त्याचा खुलासा तिथे झाला. गृहस्थांनी चुंबक साफ करून त्यांवर लाखेचा पातळ हात दिला, तिसरा चुंबक मूळ उंचीवर आणून बसवला आणि दोन दिवसांनी नव्या वेढ्यांचा पिकअप मंद आचेवर, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातील मेणात बुडवून काढला. मेण थेट ज्योतीवर तापवणाऱ्यांनी पट्ट्या वाकवल्या आहेत आणि आगही लावून घेतली आहे, हे ते काम करता करता बोलले.

गिटार घेऊन मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी खाटेवर बसून, डोळे मिटून, मला सहाही तारा एकेक करून छेडावयास लावल्या. तिसऱ्या तारेशी ते थांबले.

‘‘पुन्हा.’’

मी पुन्हा छेडली. ती पूर्वीप्रमाणेच मोठ्याने बोलली.

‘‘हां, हीच ती,’’ ते म्हणाले. ‘‘मी तीस वर्षं तिच्यावर हात हलका ठेवून वाजवलं. तुला ते शिकवायचं राहून गेलं.’’

आणि माझा उजवा हात आपल्या आखडलेल्या बोटांत धरून त्यांनी तिसऱ्या तारेवर तो किती उतरवावयाचा, ते दाखवावयास सुरुवात केली.