गाडीचं अर्थिंग: जाड केबलने ताकद वाढते का?

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली गाडी बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं जुनी, दोन लाख किलोमीटर पळालेली जपानी हॅचबॅक किंवा सेडान असते. अशा गाडीसाठी ऑनलाइन एक वस्तू हमखास समोर येते: 'ग्राउंडिंग किट'. चार-पाच जाड, रंगीत केबल्स. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या वेगवेगळ्या भागांना जोडायच्या. त्याने ठिणगी जोरदार पडते, पिकअप सुधारतो आणि पेट्रोल वाचतं, असा दावा असतो. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जपानमध्ये याची मोठी लाट होती; तिथे याला 'आशिंगु' म्हणत, म्हणजे आपलं अर्थिंगच.

यातलं खरं किती, हे शाळेतल्या ओहमच्या नियमाने तपासता येतं. आणि ते करताना एक जास्त उपयोगाची गोष्ट हाती लागते. सकाळी कामावर निघताना गाडी का रुसली, हे बॅटरी आणि ऑल्टरनेटर बदलण्याच्या आधीच कळू शकतं.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्या घरचं अर्थिंग म्हणजे अंगणातला खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा. तिथे वायर खरोखर जमिनीला जोडलेली असते. इथे ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये तर विजेचा परतीचा रस्ताच जमीन असते: लांबच्या शेतांवर १९.१ किलोव्होल्टची एकच तार जाते आणि प्रवाह मातीतून परत येतो. न्यूझीलंडच्या लॉइड मँडेनो यांनी १९२५ च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत आहे. शहराबाहेर लांब गाडी चालवलीत तर एका तारेचे हे खांब नक्की दिसतील. गाडीचा मात्र जमिनीशी संबंध नाही, ती रबरी टायरवर उभी असते. तिथे 'अर्थ' म्हणजे फक्त परतीचा रस्ता. हेडलाइटला पॉझिटिव्ह वायर जाते आणि प्रवाह गाडीच्या पोलादी बॉडीतून बॅटरीकडे परततो. पोलाद तांब्यापेक्षा बरंच कमी वाहक आहे, पण बॉडीत ते इतकं असतं की चालून जातं. शिवाय वायरचा निम्मा खर्च वाचतो.

या रस्त्यात एक अडचणीची जागा आहे. इंजिन बॉडीवर थेट बसवलेलं नसतं. थरथर पोचू नये म्हणून ते रबरी माउंटवर असतं. रबर वीज वाहत नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक केबल बॉडीला, एक इंजिनला आणि बऱ्याचदा इंजिन ते बॉडी अशी विणलेल्या तारांची एक पट्टी असते. आपली सगळी गोष्ट या दोन-तीन जोडण्यांची आहे.

आता हिशोब. अर्धा मीटर लांब, १६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलचा रोध सुमारे ०.५४ मिलिओहम असतो. किट लावून तांबं दुप्पट केलंत तर तो ०.२७ वर येईल. गाडी चालू असताना या केबलमधून ४० अँपिअर जातात असं उदारपणे धरू. मग वाचले किती? ०.०११ व्होल्ट, आणि शक्ती म्हणाल तर अर्ध्या वॉटहून कमी. तुमचं इंजिन ८० किलोवॉटचं, म्हणजे ८०,००० वॉटचं आहे. हा फरक ड्रायव्हरला जाणवणं तर सोडाच, पण कोणत्याही डायनोवरही दिसणार नाही.

'पण ठिणगी?' असा प्रश्न येईल. एक तर इंजिन चालू असताना वीज ऑल्टरनेटर पुरवतो आणि त्याचं निगेटिव्ह म्हणजे इंजिनचा ब्लॉकच. ठिणगीचा प्रवाह बॅटरीच्या केबलपर्यंत फारसा जातच नाही. दुसरं म्हणजे इंजिनचा संगणक व्होल्टेज सतत मोजत असतो. ते थोडं घसरलं तर तो इग्निशन कॉइलला किंचित जास्त वेळ चार्ज करतो आणि ठिणगीची ऊर्जा राखतो. तुमच्या ०.०११ व्होल्टची भरपाई तो आधीच करून बसलेला असतो.

मग किट लावणारे इतके लोक 'गाडी हलकी झाली' म्हणतात, ते सगळे खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. किट लावताना बॅटरी काढावी लागते. त्याने बऱ्याच गाड्यांच्या संगणकातली इंधनाची आणि आयडलिंगची शिकलेली गणितं पुसली जातात आणि पुढचे काही दिवस गाडी खरोखर वेगळी वागते. शिवाय किट बसवताना माणूस जुने गंजके बोल्ट घासतो, टर्मिनल साफ करतो. प्रयोगशाळेत आम्ही अशा वेळी कंट्रोल मागतो: फक्त साफसफाई करा, केबल लावू नका, आणि मग सांगा. तो प्रयोग कोणी करत नाही, कारण केबलचे पैसे देऊन झालेले असतात.

खरा फरक पडतो तो या साफसफाईने. समजा समुद्राजवळ राहता, गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी आहे, किंवा कोणी ती हौसेने बीचवर नेली होती. तांबं, पोलाद आणि खारं पाणी एकत्र आले की ती एक छोटी बॅटरीच होते आणि पोलाद किंवा त्यावरचा जस्ताचा थर झिजू लागतो. बोल्टखाली गंज साचतो. जोडणीचा रोध वाढून १० मिलिओहम झाला असं धरा. सेल मारताना स्टार्टर १५० अँपिअर खेचतो. १५० गुणिले ०.०१० म्हणजे १.५ व्होल्ट त्या एका बोल्टवर गेले, आणि तिथे २२५ वॉट उष्णता तयार झाली. जुन्या १०० वॉटच्या दोन बल्बांपेक्षा जास्त. थंडीतल्या सकाळी आधीच दमलेली बॅटरी, त्यात हे. स्टार्टर कण्हतो, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात आणि सगळे म्हणतात, 'बॅटरी गेली.'

गंमत अशी की हीच जोडणी ५ अँपिअरच्या दिव्याला फक्त ०.०५ व्होल्ट खाते. म्हणून रेडिओ चालतो, दिवे लागतात आणि गाडी मात्र सुरू होत नाही. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीला एका गॅरेजने आधी नवी बॅटरी आणि मग नवा ऑल्टरनेटर घ्यायला लावला. दोष इंजिनच्या पट्टीच्या बोल्टवर होता.

दुसरी खूण पाहा: इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा ब्रेकलाइट मंद लुकलुकतो. मागच्या दिव्याची अर्थ जोडणी तुटली की प्रवाह दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. इंजिनची पट्टी पूर्ण तुटली तर तो क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या धातूच्या केबलमधूनही जातो आणि ती तापून खराब होते. न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी ई-सेफ्टी तपासणी असते, तिथे असे दिवे चालत नाहीत.

तेव्हा आधी मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पण ओहमची रेंज वापरू नका. मीटरच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, त्यात आपला ०.०१ ओहम हरवून जाईल. प्रवाह वाहत असताना व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल वायर 'व्होल्ट'च्या भोकात आहे ना, हे दोनदा बघा. ती अँपिअरच्या भोकात असेल आणि बॅटरीला लावलीत तर शॉर्ट सर्किट होतं. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा. क्लँपवर नको, खुंटीवरच. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. ओढणी, सैल बाही आणि केस पट्ट्यांपासून दूर ठेवा. गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या कोणाला तरी तीन-चार सेकंद सेल मारायला सांगा.

आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर जोडणी उत्तम, किटचे पैसे वाचवा. ०.५ च्या वर असेल तर दोष सापडला. मधला असेल तर साफसफाई करायची वेळ झाली. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि एसी लावा आणि खुंटी ते बॉडी मोजा, हे ०.१ च्या आत हवं. आकडा मोठा आला तर टोकं थोडी थोडी सरकवत जा: खुंटी ते क्लँप, क्लँप ते केबलचं टोक, टोक ते ब्लॉक. जिथे आकडा उडी मारेल, तिथे गंज.

दुरुस्ती करताना आधी निगेटिव्ह काढा आणि शेवटी तेच लावा. उलट केलंत आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातील. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत पोलाद दिसेपर्यंत घासा, कारण रंग हा इन्सुलेटर आहे. केबल तुटत आली असेल तर तेवढीच बदला. टोकाला नीट दाबून बसवलेलं थिंबल हवं, पीळ घालून टेप गुंडाळणं चालणार नाही. समुद्रकाठी राहत असाल तर बोटींसाठी मिळणारी कथिल चढवलेली तांब्याची केबल घ्या. घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा.

नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या निगेटिव्ह क्लँपवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. जादा केबल थेट खुंटीला जोडलीत तर तो प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं. कॅम्पिंगसाठी दुसरी बॅटरी बसवणाऱ्यांनी म्हणूनच निगेटिव्ह बॉडीला जोडावी. सेन्सरच्या बारीक अर्थ वायरींना हात लावू नका. साध्या ऑक्सिजन सेन्सरचा सगळा खेळ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये चालतो. तिथे मोठा प्रवाह आणून सोडलात तर किटने गाडी सुधारण्याऐवजी बिघडेल. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि हायब्रिडमधल्या नारिंगी केबल्स शेकडो व्होल्टच्या असतात. तिकडे वळायचंच नाही. काम झालं की मीटर घेऊन पुन्हा तोच सेल मारा आणि आधीच्या आकड्याशेजारी नवा आकडा तारखेसकट सर्व्हिसच्या पुस्तकात लिहून ठेवा.