सोबतीतले मौन

प्रश्न (किकवी, ता. भोर) : मित्रांसोबत पारावर गप्प बसणे सुखाचे वाटते, पण घरचे त्याला तुसडेपणा म्हणतात. हा दोष आहे का?

उत्तर : हा दोष नाही; तुमचा स्वभाव अंतर्मुख असावा. अंतर्मुख म्हणजे ज्याच्या मनाची ओढ बाहेरच्या घडामोडींपेक्षा आतल्या विचारांकडे अधिक असते असा माणूस; मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ मधील ग्रंथाने रूढ केलेल्या या संज्ञेत माणूसघाणेपणा अभिप्रेत नाही. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ मध्ये असे मांडले की, एकटे राहण्याची क्षमता मूल आईच्या सान्निध्यातच कमावते. म्हणजे विश्वासाचे माणूस शेजारी असताना स्वतःत रमणे हे प्रौढतेचेच लक्षण ठरते. मौनाने नाते तुटतेच असेही नाही : पुण्यात जन्मलेल्या आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी धरलेले मौन १९६९ मधील देहावसानापर्यंत पाळले, तरी अक्षरफलक आणि पुढे हातांच्या खुणा यांद्वारे त्यांचा शिष्यांशी संवाद चालूच राहिला. अर्थात ते व्रत होते, पारावरची निवांत बैठक नव्हे. मराठीने ‘अबोला’ हा रुसव्याचा शब्द मौनापासून वेगळा राखला आहे, आणि घरच्यांची गफलत नेमकी तिथेच होत असावी. तेव्हा गप्प बसण्याआधी ‘राग नाही, बरे वाटते आहे’ एवढे सांगितले, तरी त्यांचा गैरसमज बराच ओसरेल.