सुई बदल, दोरा नको

छत्रपती संभाजीनगर

चि. छकुलीस,


हिमरूच्या बटव्यावर भरताना दोरा पिंजतो, म्हणून तू दोऱ्याला नावं ठेवलीस. दोष सुईचा आहे. नेढ्यापाशी दोरा दुहेरी असतो. त्याला जाता येईल एवढी वाट कापडात सुईनं करून द्यायची असते. सुई फार बारीक असली की दोरा प्रत्येक टाक्याला घासतो. फार जाड सुईचं भोक सुती कापडात धुतल्यावर बहुधा मिटतं, पण रेशमात राहून जातं. आईच्या पैठणीच्या ब्लाउजपीसला हात लावण्याआधी हे ध्यानात ठेव.

सुयांचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तेवढी सुई बारीक. सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घेतलेस तर ८ किंवा ९ नंबर, तीन घेतलेस तर ७. नेढं लांबट हवं. शिवणाच्या सुईच्या इवल्याशा नेढ्यात पदर ओवत बसणं म्हणजे निव्वळ डोळेफोड. मॅटीवर फुल्या भरायला बोथट टोकाची टेपेस्ट्री सुई घे, १४ काउंटला २४ नंबर. टोकदार सुई तिथं कापडाचाच धागा चिरते. बुलियनच्या गाठींना मिलिनर्स. तिचं नेढं दांड्याइतकंच जाड असतं, त्यामुळे वेढे अडत नाहीत.

आता तुझा हिमरू. ताणा सुती, बाणा रेशमी, आणि नक्षीचे जादा धागे पाठीमागे मोकळे सुटलेले. तुझी सुई त्यांतच अडकते आहे. आधी मागून पातळ मलमल टाचून घे. मग टोकदार ७ नंबरची सुई सरळ उभी खाली घाल, सरळ वर काढ. कापड उचलून तिरपा टाका घेऊ नकोस. आरीचं वेड सध्या बाजूला ठेव, तिच्या टोकाचा आकडा ते मोकळे धागे ओढून काढेल. खरं सांगायचं तर एवढ्या नक्षीदार कापडावर आणखी भरायची हौस मला पटत नाही, पण बटवा तुझा आहे.

गुलमंडीत गेलीस की मिश्र नंबरांचं पाकीट माग. घरी आल्यावर प्रत्येक सुईच्या नेढ्यातून दोरा मागे-पुढे ओढून बघ. जिथं खरखरेल ती सुई गोधडीच्या कामाला. पावसाळ्यात सुया फलाटीनच्या तुकड्यात खोचून ठेव. गंजलेली सुई रेशमावर डाग पाडते.

रविवारी बटवा घेऊन ये, मलमल माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी