डिस्क दिसत नाही तेव्हा

लॅपटॉपवर लिनक्स बसवताना डिस्कच दिसली नाही, की ती निकामी झाली असे मानण्याची घाई होते. कारण तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हा वसतिगृहातील धम्मपाठ येथेही उपयोगी पडतो. डिस्क व कर्नेल यांच्यामध्ये कंट्रोलर असतो. ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा त्याच्या ड्रायव्हरचे नाव सांगते. परंतु नाव दिसले म्हणजे सारे जुळले, असे नव्हे. काही इंटेल यंत्रांत बायोस ‘रेड’ पद्धतीवर असल्यास एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड जाते. ड्रायव्हर कार्यरत दिसतो, डिस्क मात्र नाही. तेव्हा कर्नेलच्या नोंदी वाचाव्यात. रेडऐवजी ‘एएचसीआय’ निवडा, असे तेथे बहुधा स्पष्टच लिहिलेले आढळते. हा बदल करण्यापूर्वी विद्यार्थ्याचा प्रकल्प दुसरीकडे उतरवून घ्यावा. नंतर जुने विंडोज सुरू न होण्याचा संभव असतो.