करार सरकारचा, प्रश्न संसदेचा



"बाई, परदेशाशी करार करताना संसदेत मतदान होतं का?" डोंबिवलीच्या माझ्या वर्गात पाचवीतल्या एका मुलीने विचारलं.

उत्तर आहे, तशी सक्ती नाही. करार केंद्र सरकार करतं. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला, तोही असाच. पण करारासाठी देशाचा कायदा बदलायचा असेल तर संसदेकडेच जावं लागतं. संविधानाचं कलम २५३ तो कायदा करण्याचा अधिकार संसदेला देतं.

याचं मोल २००५ मध्ये दिसलं. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे औषधांना पेटंट देणं भाग होतं. संसदेने त्याच कायद्यात कलम ३(डी) कडक केलं : परिणाम वाढल्याशिवाय जुन्या औषधातल्या किरकोळ बदलाला पेटंट नाही. याच कलमामुळे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाला पेटंट नाकारलं.

उपक्रम : वर्गात प्रश्नोत्तराचा तास घ्या. एक गट मंत्री, बाकीचे खासदार. "या कराराने भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना काय मिळणार?" असं विचारू द्या. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, त्यावर उपप्रश्नही करता येतो. अतारांकिताला लेखी.

उत्तर गोलमोल आलं, तर पुन्हा विचारायचं, एवढं मुलांना कळलं की धडा झाला.